तीन आकडे

बाणावलीचं रिसॉर्ट, खोली नंबर चौदा.
पलंगावर बॅग, बॅगेवर हे वाकलेले,
चष्मा कपाळावर, अंगठा चाकावर.
"मीच लावलाय ना नंबर," म्हणाले,
"आठवेल."

मी खिडकीशी. दोन माड, मधे जाळीचा झोपाळा,
आणि त्यामागे कुणी सुपात तांदूळ पाखडत असावं
तसा समुद्र. थांबतच नव्हता.

ऋताने यादी पाठवली होती फोनवर:
टोपी, सनस्क्रीन, सुती कपडे दोन-दोन जोड,
आणि शेवटी, आई, बाकी काही नको, तिथे सगळं असतं.
सगळं म्हणजे काय असतं?
भडंग असतं? शेंगदाण्याची चटणी, सुईदोरा,
नायलॉनची दोरी, आठ चिमटे?
टॉवेल देतात म्हणे. पण कुणाकुणाची अंगं पुसलेले.
मी आपले घेतले.

आणि सगळ्यात तळाशी, उशीच्या अभ्र्यात गुंडाळून,
ते.
गणपती पेठेतून आणलेलं, गडद निळं,
कोपरापर्यंत बाह्या, गुडघ्यापर्यंत पाय.
"नातीसाठी का, काकू?" दुकानातल्या मुलीनं विचारलं.
हो म्हणाले, आणि माप माझं सांगितलं.
घरी न्हाणीघराची कडी लावून एकदा घातलं.
आरसा लहान आमचा, गळ्याखाली दिसत नाही.
बरं झालं.

चार-एक-एक. ऋताचा वाढदिवस. नाही.
दोन-शून्य-तीन, आमचा फ्लॅट. नाही.
स्कूटरचे शेवटचे तीन, जी विकून अठरा वर्षं झाली.
पाटबंधारे खात्यातला ह्यांचा टेबल नंबर.
मग माझ्याकडे न बघता, एक-शून्य-सहा.
एक जून. मास्तरांनी शाळेत अर्ध्या वर्गाची मांडली तीच.
आई म्हणायची आषाढातली मी, त्या दिवशी म्हैस व्यायली होती.
म्हशीचा आकडा कुठून आणणार?
तोही नाही.

"राहू दे," मी म्हटलं. खरंतर माझ्याच मनात होतं
राहू दे. उघडली तर ह्यांच्याच हाताला लागणार
अभ्रा.

मग गेलो तसेच. मी प्रवासाच्या साडीत,
हे गाडीतली चुरगळलेली पँट पोटरीपर्यंत दुमडून,
खिशात मिरज ते मडगाव तिकीट.
"पायच भिजवायचे," हे म्हणाले.
समुद्राला कोण सांगणार?
तिसरी लाट कमरेशी आली, निऱ्या सुटल्या,
मी ह्यांचा दंड धरला, ह्यांनी माझा,
आणि कोण कुणाला सावरतंय ते कळेना.
छत्रीखालची गोरी बाई हात हलवून हसली.
मीही हलवला. काय तोटा होता?

परतलो ते पावलागणिक फरशीवर वाळू सोडत.
दारात खोली झाडणारा मिंगेल उभा.
बॅग बघितली, आम्हाला बघितलं,
"शून्य पळयलें, बाय?"
तीन चाकं फिरवली. खट्.
कारखान्यातून आली तशीच होती.
ह्यांनी नंबर लावलाच नव्हता कधी,
निघताना नुसती चाकं फिरवली होती,
घराचं कुलूप तीनदा ओढून बघतात
तशी.

मिंगेल गेला. मी ओल्या पदराशी अडकलेली,
आणि हे कोरडा सदरा शोधत
थेट तळापर्यंत.
अभ्रा बाहेर आला. मग निळं.
हातावर धरून बघितलं, कापड बघतात तसं, दोन बोटांत.
चिठ्ठी तशीच होती. किंमत वाचली असावी.
किमतीवर हे बोलले नाहीत
असं एकतीस वर्षांत झालं नव्हतं.

नायलॉनची दोरी काढली, खिडकीच्या गजाला बांधली,
माझी साडी पिळून टाकली, चिमटे लावले.
भडंगाची पिशवी दातांनी फोडली.
बराच वेळ खाल्लं आम्ही, वाळू लागत होती.

मग दिव्याचं बटण शोधता शोधता म्हणाले,
"उद्या लवकर उठू या.
सहाला कुणी नसतं."